चोवीस चॉकलेटं आणि अक्काचं नाक

चॉकलेटं चोवीस होती आणि चाखणाऱ्या आम्ही तिघी. भागाकार सोपा होता, पण पल्लवीने फोनवर बजावलं होतं, "आई, वाटून खायची नाहीत. डब्यात बारा चवी आहेत, प्रत्येक चवीची दोन-दोन. प्रत्येक चव प्रत्येकीने चाखायची आणि मला लिहून पाठवायचं." म्हणून बारा चॉकलेटांचे तीन-तीन तुकडे करायचे आणि बाकीची बारा तशीच ठेवायची, असं मी ठरवलं. एका कागदावर रेघा मारल्या. उभे रकाने तीन: मी, अक्का, रंजना. आडव्या ओळी बारा.

पल्लवी माझी मुलगी. वैशाखात तिचं लग्न झालं, आता पुण्याला असते. यंदा तिचा पहिला दिवाळसण. पाडव्याला जावई आणि त्यांचे आईवडील आमच्याकडे मंगरूळला येणार होते. सासरच्या नातेवाइकांना मिठाईऐवजी बेल्जियमची चॉकलेटं द्यायची, असं पल्लवीच्या मनात होतं आणि मागवण्याआधी आम्ही चाखून सांगावं म्हणून तिने नमुन्याचा एक डबा कुरिअरने पाठवला होता. गडद निळा डबा, वर सोनेरी फीत, आत प्रत्येक चॉकलेटाला कागदाची वेगळी वाटी. झाकणाखाली एक पत्रक होतं, पण ते दोन परक्या भाषांत. म्हणजे कोणत्या चॉकलेटात काय भरलंय, हे तोंडात घातल्याशिवाय कळणार नव्हतं.

माझ्या दिवाळीच्या यादीत सतरा कामं होती. सोळा कामांपुढे कोण करणार आणि कधी, ते लिहून झालं होतं. सतराव्या कामापुढे नुसतं प्रश्नचिन्ह होतं. अनारसे, अक्का?

अक्का माझी थोरली बहीण. तिच्या अनारशांबद्दल पल्लवीने सासूबाईंना लग्नाच्या बैठकीतच सांगून ठेवलं होतं. जाळी कशी पडते, तोंडात कसा विरघळतो, सगळं. आणि अक्का फोनवर म्हणाली होती, "औंदा मले जमत नाई, बेबी. गुडघे दुखून राह्यले. दुकानातून घेऊन टाक." दुकानातल्या अनारशाला जन्मभर तळलेला पुठ्ठा म्हणणारी बाई मला दुकानातून घे म्हणत होती. गुडघ्यांवर माझा विश्वास बसला नाही. रविवारी चॉकलेटांचा डबा घेऊन मी शेलूबाजारला निघाले. चाखणं तर होईलच, पण तिचं मनही वळवता येईल, असा माझा बेत होता.

ऑक्टोबरचं ऊन बेल्जियमच्या चॉकलेटाला झेपणारं नव्हतं. पाण्याच्या दोन बाटल्या रात्रीच फ्रीजरमध्ये गोठवून ठेवल्या होत्या. स्टीलच्या मोठ्या डब्यात त्या दोन्हींच्या मधे निळा डबा ठेवला, वरून ओला पंचा गुंडाळला. जीपमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "औषध हाय का वो?" मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर सगळ्या जीपला चाखायला द्यावं लागलं असतं.

अक्काचं घर हमरस्त्यापासून आत, तिच्या भाजीच्या वाडीला लागून आहे. आमचं माहेर आणि तिचं सासर एकाच गावात. मधे एक गल्ली आणि एक विहीर. वाडीच्या बांधावर पाय ठेवला की आधी सांबार भेटतो. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो आणि पाणी दिलेल्या वाफ्यातून सकाळच्या उन्हात तिचा वास असा उठतो, की माणूस कितीही वयाचा असो, शाळेच्या पिशवीसकट तिथे उभा राहतो.

मी पण उभी राहिले.

आमच्या लहानपणी हे दिवस भुलाबाईचे असत. भादव्याच्या पुनवेला मातीची भुलाबाई आणि भुलोजी कोनाड्यात बसायचे ते थेट कोजागरीपर्यंत. दिवेलागणीला गल्लीतल्या मुली एका घरून दुसऱ्या घरी जायच्या. सारवलेल्या अंगणाचा ओलसर वास, मातीच्या मूर्तीवरच्या कच्च्या रंगाचा वास, कंदिलाच्या तापलेल्या काचेचा वास. टिपऱ्या एकमेकींवर आपटायच्या आणि सागाच्या लाकडातून एक कोरडा, स्वच्छ आवाज निघायचा. कोजागरीला ज्वारीच्या हिरव्या धांड्यांचं खोपट उभारून त्यात भुलाबाई बसवायची. ते धांडे मोडले की गोडसर रस बोटांना लागायचा. बोटं चाटत आम्ही गाणी म्हणत असू आणि गाण्यांचे शब्द अर्धे चुकलेले असत.

गाणी संपली की खाऊ ओळखायचा. ज्या घरी बसलो त्या घरची मुलगी झाकण लावलेला डबा मधे आणून ठेवायची. उघडायचा नाही. हलवून बघायचा, वाजवून बघायचा, जास्तीत जास्त गोड की तिखट एवढं विचारायचं. कोणी म्हणे फुटाणे, कोणी मुरमुरे, कोणी खोबरं-साखर. काकडीच्या फोडी असल्या तर डबा मुका असायचा. भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा थबथब वाजायच्या. सीताफळ ठेवणारीला सगळ्या वेडी म्हणायच्या, कारण ते डब्यात मावत नसे आणि झाकण वर राहायचं.

अक्काला मात्र डबा हलवायची गरज पडत नसे. ती डोळे मिटायची, झाकणाच्या कडेला नाक लावायची आणि डब्याभोवती एक फेरी मारून वर बघायची. "राजगिऱ्याचे लाडू. गूळ जुना हाय." झालं. खेळ संपला. चार-पाच दिवसांनी मुलींनी नियमच केला की अक्काने नाक लावायचं नाही, तिने हात मागे बांधून दूर बसायचं. ती दूर बसायची आणि तिथूनही सांगायची. एका घरच्या काकूंनी तिला चकवायला डब्याच्या झाकणावर कापराच्या वड्या ठेवल्या होत्या. सगळी खोली देवळासारखी झाली होती. अक्का म्हणाली, "वर कापूर हाय. खाली शिंगाडे हायत. अन् काकू, ह्या डब्यात पयले लोनचं होतं." काकूंनी कपाळावर हात मारला आणि दुप्पट शिंगाडे तिच्या ओंजळीत घातले.

पुढे ते नाक सगळ्या गावाचं झालं. दूध नासायच्या घटकाभर आधी तिला कळायचं. वांग्यांच्या पोत्यात तळाला एक सडलेलं असलं तर पोतं न उघडता ती सांगायची. लग्नाच्या घरी आचारी तुपाचा डबा फोडायचा आणि आधी अक्काकडे न्यायचा. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात. तिसऱ्या दिवशी ते किती आंबले, हे बघायला बायका वाटीत दोन चिमटी तांदूळ घेऊन तिच्या ओट्यावर यायच्या. ती हुंगायची आणि "आजच उपस" किंवा "उद्या सकाऊन" एवढंच म्हणायची. तिच्या शब्दावर घरोघरचे अनारसे ठरत.

हे सगळं बांधावर उभ्या-उभ्याच आठवून झालं, तेवढ्यात घरातून हाक आली. "थठी काय उभी हायस वं? सांबार चोराले आली का?"

अक्का ओसरीवर जुड्या बांधत बसली होती. शेजारी रंजना, तिची सून. दीड वर्षाची परी, रंजनाची मुलगी, खाटेवर झोपली होती. मी डबा उघडला, कागद काढला, पेन काढलं.

"हे काय, परीक्षा हाय का?" रंजनाने विचारलं.

"मतं लिहायची आहेत."

"मावशी, तुमी तं यमाले बी यादी देसान."

अक्काने कमरेचा चाकू काढला आणि पहिल्या चॉकलेटाचे तीन तुकडे केले. मी माझा तुकडा तोंडात घातला. आधी कोथिंबीर आली. मग चॉकलेट. रंजनाने तोंड वाकडं केलं. "आत्याबाई, चाकू नाई धुतला! सांबाराचं चॉकलेट झालं हे."

"झालं तं झालं," अक्का म्हणाली. "पुन्याच्या लोकायले असंच आवडते." पण चाकू धुवायला ती लगेच उठली आणि बराच वेळ धूत राहिली.

मग काम रांगेत सुरू झालं. काळपट, काहीच न भरलेलं चॉकलेट तोंडात घातल्यावर रंजना म्हणाली, "एवढ्या दुरून आलं अन् साखर टाकाची इसरले! जऊन गेलं वाटते." पांढरं तिला खव्याच्या पेढ्यासारखं लागलं. एकात कुठेतरी मीठ होतं. "यात मीठ सांडलं, मावशी. परत पाठवून द्या." एकाच्या आत संत्र्याची साल होती, एकात कॉफी, एकात दळलेल्या दाण्यांचा दाट गर. जिने जे म्हटलं ते मी तसंच लिहीत गेले. अक्का प्रत्येक तुकडा सावकाश चघळायची, मान हलवायची आणि काहीतरी म्हणायची. बारा ओळी अर्ध्या तासात भरल्या. परी उठली, तिला घेऊन रंजना चहा ठेवायला आत गेली आणि मी बेरीज करायला कागद मांडीवर घेतला.

रंजनाचा रकाना: जळालेलं, पेढ्यासारखं, खारट, संत्रं, चिक्कीसारखं, औषधासारखं, वगैरे.

अक्काचा रकाना: कडक. मऊ. आत पातळ. टाळूले चिकटते. कुरकुर वाजते. लवकर इरघळते. गोड. कडक. दातात अडकते. मऊ. गोड. कडू.

मी पुन्हा वाचलं. जुन्या डब्यातलं लोणचं कापरातून ओळखणाऱ्या बाईने बारा चॉकलेटांत एकाही वासाचं नाव घेतलं नव्हतं.

काही गोष्टी मनात सुट्या पडलेल्या असतात. त्या एका ओळीत यायला वेळ लागत नाही. न धुतलेला चाकू. मागच्या दिवाळीतल्या तिच्या करंज्या, ज्यांचं खोबरं खवट होतं, आणि आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात खोबऱ्याच्या दुकानदाराला नावं ठेवत मुकाट खाल्ल्या होत्या. मी तर फोन करून छान झाल्या म्हणून सांगितलं होतं. हल्ली लोणी कढवताना ती पातेल्याशी कान लावून बसते आणि "तूप बोलाचं थांबलं का उतरवाचं" म्हणते. मला ते फार सुंदर वाटलं होतं. मी पल्लवीला फोनवर ऐकवलंसुद्धा होतं.

उरलेल्या बारांतलं संत्र्याचं चॉकलेट मी उचललं. मुठीत झाकलं आणि मूठ तिच्या नाकाशी धरली. पूर्वी डबा धरायचो तशी.

"ओळख."

अक्का माझ्या मुठीकडे बघत राहिली. आतून कपबश्यांचा आवाज येत होता. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा हॉर्न लांबपर्यंत ऐकू येत राहिला.

"हालवून दाखव," ती म्हणाली.

मी मूठ उघडली.

"कवापासून?"

"त्या साथीच्या तापापासून. चार वर्सं झाले." तिने एक जुडी उचलली आणि बांधलेलीच पुन्हा बांधली. "वाटलं, येईन परत. लोकायचं आलं. पयले-पयले रोज सकाऊन हिंगाची डबी हुंगत होती मी. मंग सोडून देल्लं."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? डोये गेले तं लोक हात धरून नेतेत. नाक गेलं म्हनलं तं हासतेत. अन् बाया तांदूळ घेऊन येतेत न अजून. त्यायले काय सांगू?"

"मग काय करतेस?"

"बोटानं दाबून पायतो. अंदाजानं सांगतो. आतापर्यंत निभलं. पर पल्लवीच्या सासरचे पह्यल्यांदा येऊन राह्यले. आंबलं अन् सडलं, थे बोटाले समजत नाई, बेबी. माह्या हातानं काई बिघडलं तं थे पोरगी जनमभर आयकन. म्हनून म्हनलं, गुडघे दुखतेत."

तिने विचारलं, "करंज्या बऱ्या होत्या न मांगच्या वर्सी?"

"चांगल्या होत्या," मी म्हटलं. तोंडातून आपोआप आलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा जुडी हातात घेतली.

मग तिनेच हात पुढे केला. "दे थे. कसा वास हाय त्याचा?"

"चांगला आहे."

"चांगला म्हंजे? चांगला तं पाहुना बी असते. नीट सांग."

नीट सांगणं मला जमतं असं मला वाटायचं. कार्यालयात माझी टिपणं कोणी परत पाठवत नाही. पण वासाचं टिपण मी कधी लिहिलं नव्हतं. मी चॉकलेट नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि जे दिसलं ते सांगितलं. "संत्र्याची साल आपण दिव्यापुढे धरून पिळायचो, आठवतं? ठिणग्या उडायच्या. भिंतीवर उजेड व्हायचा आणि मग बोटांना जो वास राहायचा, तो. पण त्याच्यामागे काहीतरी भाजलेलं आहे."

अक्काने डोळे मिटून घेतले होते. "भाजलेलं म्हंजे कसं?"

"आई कढईत तीळ टाकून दाराशी बोलत उभी राहायची..."

"अन् मी आतून वरडत होती, माय, तीळ!"

"त्या तिळांचा. जळायच्या जरा आधीचा."

"हां," ती म्हणाली. लहान मूल दुधाचा घोट घेताना म्हणतं तशी. "आता थो दुसरा."

मग आम्ही उरलेल्या चॉकलेटांची पुन्हा एकदा रांग लावली. दळलेल्या दाण्यांचं चॉकलेट म्हणजे बांधावर पाल्याच्या जाळात भाजलेल्या शेंगा. काळी टरफलं, ओठांना लागलेली राख, आणि बाबांच्या धोतराला येणारा धूर. खारट चॉकलेट म्हणजे पातेल्याच्या कडेला लागून तांबूस झालेला गुळाचा पाक, जो आई आमच्यासाठी उलथण्याने खरवडून ठेवायची. पांढरं म्हणजे शाळेच्या वाटेवरची खव्याची भट्टी. तिथे आलो की आम्ही दोघी उगाच चप्पल नीट करायला वाकायचो. कॉफीला मात्र काही सापडेना. आमच्या घरी कॉफी कधी नव्हतीच. "राहू दे थे," अक्का म्हणाली, "थे बेल्जमचंच असू दे."

रंजना चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघी डोळे मिटून बसलो होतो. "मावशी, आत्याबाई, ह्याच्यात काई नशेचं तं नाई न?" तिने विचारलं आणि परीला अक्काच्या मांडीवर ठेवलं. साखरेचं भांडं आणायला ती पुन्हा वळली, तेव्हा अक्काने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "अन् हिच्या टाळूले कसा वास येते? मले मालूमच नाई. हे झाली तवा माहं नाक गेलंच होतं."

मी वाकले. परीने माझ्या कानातलं पकडलं.

"खोबरेल तेल," मी म्हटलं. "झोपेचा घाम. आणि उन्हात पसरलेले गहू संध्याकाळी गोळा करताना येतो ना, तो."

"गहू?"

"कोमट गहू."

अक्काने परीच्या टाळूवर गाल टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. चहाला साय धरली.

निघताना मी अनारशांचं बोलले. म्हटलं, हात तुझे, नाक माझं. मी हुंगून सांगेन, तू ठरव.

"तुले काय समजते आंबलेलं?"

"बरोबरचा वास कसा ते तू सांग. मी तो शोधते."

तिने पदराने हात पुसले. "तिसऱ्या दिवशी ताकाच्या रवीसारखा वास याले पायजे. धुतलेल्या रवीसारखा. त्याच्याहून जास्त नाई. अन् कोनाले सांगू नको. पल्लवीले बी नाई."

मी कबूल केलं. पल्लवीला त्या संध्याकाळी एवढंच कळवलं: दाण्यांचं आणि संत्र्याचं मागव, काळं नको, अनारसे येत आहेत. यादीतलं प्रश्नचिन्ह खोडून तारीख लिहिली. तारखा अगदी नेमक्या बसत होत्या. तांदूळ भिजायला तीन दिवस, उपसून सुकवून कुटून गुळात मळायला एक, पीठ मुरायला पाच आणि तळणीला एक. नंतरचे तीन दिवस मी अडीअडचणीसाठी मोकळे ठेवले होते.

तांदूळ भिजत घातल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या जीपने शेलूबाजारला गेले, तिथूनच कार्यालयात जायचं ठरवून. अक्का चुलीपुढे बसली होती. समोर झाकलेलं पातेलं. रोज पाणी बदललं होतं, सावलीत ठेवलं होतं, सगळं रीतीप्रमाणे. दाण्याला बोट लावून झालं होतं तिचं. दाणा मऊ झाला होता, चुरत होता.

"बोटानं तं बरोबर वाटते," ती म्हणाली. "आता तू पाय."

मी झाकण उचललं.

धुतलेल्या रवीचा वास नव्हता. रवी कुठे तरी खाली होती, पण तिच्यावर साठलेल्या डबक्याचा, ओल्या पोत्याचा वास होता. मी पुन्हा हुंगलं. दोन दाणे बोटांत घेऊन चुरडले आणि बोटं हुंगली. तोच वास.

अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. ती मला ऐकत होती म्हटलं तर जास्त बरोबर होईल. तूप ऐकते तशी. छान झालेत म्हणणं मला येत होतं. सवयीचं होतं. गुळात मळल्यावर, तुपात तळल्यावर, खसखशीखाली कदाचित लपलंही असतं. पाहुण्यांनी एक-एक खाल्ला असता, गोड हसून दुसरा नको म्हटलं असतं आणि अक्काला कधीच काही कळलं नसतं.

"बिघडले, अक्का," मी म्हटलं.

तिने पातेल्याच्या कडेला हात टेकवला.

"लय, का थोडेसे?"

"लय."

चुलीतलं लाकूड तडतडलं. मला वाटलं, आता ती उठेल आणि म्हणेल, दुकानातून घेऊन टाक. पण तिने एवढा मोठा श्वास सोडला, की परीने खेळ थांबवून आजीकडे पाहिलं.

"चार वर्सांत," अक्का म्हणाली, "कोनी मले खराब म्हनलं नाई, बेबी. समदे गोड हाय, गोड हाय म्हनत गेले. कोन खरं बोलते, कोन नाई, काईच समजे ना. आंधारात चालल्यावानी."

तिने पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि मागच्या दाराने उकिरड्यावर नेऊन पालथं केलं. राखेने घासलं, तीन पाण्यांनी धुतलं आणि नवे तांदूळ घालून माझ्यापुढे आणून ठेवलं.

"धू तांदूळ. अजून तीन दिवस हायत आपल्यापाशी."

"परवा येते मग."

"परवा नाई. उद्या ये. रोज ये. पह्यल्या दिवशी कसा वास येते, दुसऱ्या दिवशी कसा, मले समदं सांग."

बाहेर रस्त्यावर मंगरूळची जीप हॉर्न देत उभी होती. तिला जायला सांग, असं मी रंजनाला ओरडून सांगितलं आणि बाह्या वर करून पातेल्यात हात घातला.